काळ्या दगडातलं तांबं: कोपरखैरण्यातल्या एका गाळाच्या ढिगाचं प्रकरण

मे महिन्यात नालेसफाईचा पोकलेन आला, नाल्यातला गाळ उपसून काठावर टाकला आणि दरवर्षीसारखा तो वाळेपर्यंत तिथंच पडून राहिला. काठालगतच्या सोसायटीमागे मुलांचं मैदान आहे, पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचतं, भरणी करायची म्हणून कमिटी दोन वर्षं पैसे जमवतेय. कुणीतरी सुचवलं की हा गाळ फुकट मिळतोय, वाळला की पसरून टाकू, वर थोडी लाल माती घालू, झालं काम. एक ताई आहेत, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा रोज त्या मैदानात लोळतो, त्यांनी हट्टच धरला की आधी टेस्ट करा. मग टेस्ट झाली, रिपोर्ट आला आणि तिथून खरं भांडण सुरू झालं.

रिपोर्टमध्ये तांबं आणि क्रोमियम लाल अक्षरात, मर्यादेपेक्षा जास्त. शिसं मर्यादेच्या किंचित आत. कॅडमियमसमोर बीडीएल, म्हणजे मशीनला दिसलं नाही. अर्ध्या लोकांनी लगेच ठरवलं की एमआयडीसीवाल्यांनी नाल्यात तांबं सोडलंय. उरलेले म्हणाले, अहो तांब्याच्या तांब्यातलं पाणी आपण रोज पितो, त्याचं काय एवढं, शिसं तर आत आहे ना, टाका गाळ. सेक्रेटरी काका माझ्याकडे आले कारण मी पर्यावरण लॅबमध्ये काम करते, गेली अकरा वर्षं पाणी, माती आणि गाळ हेच हाताखालून जातंय. काका म्हणाले, "तू फक्त सांग, हो की नाही." रिपोर्ट दोनदा वाचला आणि मी म्हटलं, काका, यावरून हो पण सांगता येत नाही आणि नाही पण.

कारण त्या रिपोर्टमध्ये जी "मर्यादा" छापली होती ती मर्यादाच नव्हती. तांबं ४५, क्रोमियम ९०, निकेल ६८, जस्त ९५, शिसं २०, कॅडमियम ०.३, सगळं मिलिग्रॅम दर किलोला. गाळाचं काम करणाऱ्या कुणालाही हे आकडे बघताक्षणी ओळखू येतात, हे ट्युरेकियन आणि वेडेपोल या दोघांनी १९६१ साली दिलेले शेल दगडाचे सरासरी आकडे आहेत. शेल म्हणजे चिखलच, लाखो वर्षं दाबून घट्ट झालेला, आणि जगभरच्या शेलमध्ये कोणता धातू सरासरी किती असतो त्याची ही यादी आहे. माणसाचा हात लागण्याआधी गाळात साधारण किती धातू असेल याचा अंदाज म्हणून ती वापरतात. त्यात विषाची मर्यादा कुठंच नाही. आपल्याकडे नदी-खाडीच्या गाळासाठी सरकारने ठरवलेली मर्यादाच नाही, मग लॅबवाले हाताशी असलेली ही यादी "मर्यादा" नावाच्या रकान्यात टाकून मोकळे होतात. मला याचा खरंच राग येतो, कारण वाचणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच कळायचा मार्ग नसतो.

आता आपल्या इथला दगड बघा. नवी मुंबईच्या पाठीला पारसिकचा डोंगर आहे, ठाणे-बेलापूर पट्टा त्याच्या पायथ्याशी, आणि आपले बहुतेक नाले हे मुळात या डोंगरावरून ठाणे खाडीकडे धावणारे ओढे होते. हा सगळा काळा पाषाण, बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. या दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं मुळातच भरपूर असतं, किलोला १०० च्या पुढे तर सहज, कित्येक थरांत २०० च्या आसपास. शिसं मात्र अगदी कमी, बहुतेक वेळा एक आकडीच. शेलशी तुलना केली तर बरोबर उलटं: शेलमध्ये तांबं ४५ आणि शिसं २०. म्हणजे आपल्या गाळाला शेलच्या फुटपट्टीने मोजलं की ज्या तांब्यात माणसाचा काही दोष नाही ते लाल होतं, आणि जे शिसं खरोखर बाहेरून आलंय ते आत बसतं, कुणाचं लक्षही जात नाही. हे सेक्रेटरी काकांना सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे आपण भांडत होतो त्याच्या बरोब्बर उलटं आहे?" म्हटलं, असू शकतं, पण तेही मोजल्याशिवाय मी बोलणार नाही.

हिशोब एकदा दाखवते, आणि आधीच सांगते की हे आकडे फक्त समजायला धरलेत, कोणत्याही नाल्याचे म्हणून पुढे पाठवू नका. म्युलरने १९६९ साली एक निर्देशांक दिला, त्याला आम्ही आय-जिओ म्हणतो. मोजलेला आकडा घ्यायचा, मूळच्या पातळीच्या दीडपटीने भागायचा (दीडपट अशासाठी की दगडात आपोआपच थोडाफार फरक असतो), आणि उत्तर दोनाचा कितवा घात आहे ते बघायचं. शून्याच्या खाली आलं तर स्वच्छ, एकाच्या पुढे गेलं तर मध्यम प्रदूषित, तीनाच्या पुढे जोरात प्रदूषित. समजा तांबं १५० आलं. शेलचे ४५ धरले तर १५० भागिले ६७.५, उत्तर २.२, आय-जिओ १.१५, म्हणजे मध्यम प्रदूषित. पण इथल्या दगडाचंच तांबं १५० धरलं तर आय-जिओ उणे ०.५८, स्वच्छ. आता शिसं समजा २८. शेलच्या २० ने उणे ०.१, स्वच्छ. आणि आपल्या दगडाचे ६ धरले तर २८ भागिले ९, आय-जिओ १.६, मध्यम प्रदूषित. गाळ तोच, मशीन तेच, फक्त भागाकाराखालचा आकडा बदलला आणि निकाल पूर्ण फिरला.

म्हणून या प्रकरणात पहिलं काम ढिगावर नव्हतंच, डोंगरावर होतं. घणसोलीच्या मागे गवळीदेवाचा डोंगर आहे, पावसाळ्यात लोक तिथं धबधब्याला जातात. आम्ही भर उन्हाळ्यात गेलो, ओढा कोरडा, पण मोठ्या दगडांच्या मागे वाळलेला बारीक गाळ साचलेला असतो तो मिळाला. कारखाने, रस्ता, वस्ती या सगळ्याच्या वर, म्हणजे डोंगर स्वतःहून काय खाली पाठवतो ते तिथं कळतं. सोबत त्या ताई होत्या आणि बारावीला असलेला त्यांचा भाचा. स्टीलचं खुरपं आणलं होतं त्याने, ते मी परत पिशवीत ठेवायला लावलं, स्टीलमधून क्रोमियम-निकेल लागतं, प्लास्टिकचा चमचा वापरायचा आणि तोही दर ठिकाणी वेगळा. तीन ठिकाणचा गाळ घेतला.

मग ढीग. पहिल्या रिपोर्टसाठी कुणीतरी ढिगाच्या वरून एक मूठ उचलून लॅबला दिली होती, एवढ्या मोठ्या ढिगासाठी एक मूठ. आम्ही पाच ठिकाणी फावड्याने आडवा काप घेतला, फावडं लागलेला भाग चमच्याने खरवडून टाकला आणि मग नमुना घेतला. कापाची ती बाजू मला अजून डोळ्यासमोर दिसते. बाहेरून दोन-तीन इंच तपकिरी, गंजाच्या रंगाचं कवच, आणि आत एकदम काळाकुट्ट, चकचकीत, लोण्यासारखा मऊ गाळ, सडक्या अंड्याचा वास. भाच्याने विचारलं, आत वेगळा गाळ कसा आला? वेगळा नाहीये, तोच आहे. नाल्याच्या तळाला हवा पोचत नाही, तिथले जंतू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड बनवतात, ते लोखंडाला धरून काळं होतं आणि शिसं, जस्त, कॅडमियम, तांबं यांनाही धरून ठेवतं. जोपर्यंत गाळ पाण्याखाली, अंधारात, दबलेला आहे तोपर्यंत धातू बऱ्यापैकी कैदेत असतात. बाहेर काढला, हवा लागली की सल्फाइड मोडतं, लोखंड गंजतं म्हणून तपकिरी दिसतं, थोडं आम्ल तयार होतं आणि धातूंची सुटका व्हायला लागते. म्हणजे नालेसफाईने आपण गाळ नुसता हलवत नाही, त्याची रसायनंच बदलतो, आणि हे सगळं पाऊस यायच्या दोन-तीन आठवडे आधी. म्हणून मी कवचाचा आणि आतल्या काळ्या भागाचा नमुना वेगवेगळ्या पिशवीत घेतला. काळ्याच्या पिशव्या हवा दाबून काढून बर्फाच्या डब्यात, कारण लॅबपर्यंत जाताना वाटेतच तो तपकिरी व्हायला लागतो.

तिसरं ठिकाण नाल्याचं खाडीतलं तोंड. तिथं ओहोटीलाच जावं लागतं, तिवरांच्या कडेने. एक मावशी निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) पकडत होत्या, हात कोपरापर्यंत बिळात. आम्ही डबे-पिशव्या घेऊन काय करतोय विचारलं, सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी या चिखलाला वास नव्हता गं. आता हात धुतले तरी जात नाही." आणि मग हा प्रश्न: "मासे खायचे का नाही, ते सांग ना." तेव्हा मी म्हटलं की ते गाळावरून सांगता येत नाही, माशाचंच मांस तपासावं लागतं. उत्तर खरं होतं, पण पोकळ होतं, आणि ते मला तिथं उभी असतानाच कळत होतं. त्यावर परत येते.

लॅबमधलं काम लवकर सांगते, फक्त ज्यात पहिला रिपोर्ट चुकला होता तेवढंच. एक, गाळ चाळून घ्यायचा, ६३ मायक्रॉनच्या नायलॉनच्या चाळणीतून, कारण धातू बारीक कणांना चिकटतात, वाळू जास्त आली की आकडा आपोआप खाली येतो आणि दोन ठिकाणांची तुलनाच होत नाही. नवी मुंबईत तर तुर्भे-नेरुळच्या बाजूला वर्षानुवर्षं खडीच्या खाणी आणि क्रशर चालले, त्यांची दगडाची भुकटीही या नाल्यांत उतरलीय, ती भरड असली तर आकडा एकीकडे ओढते, बारीक असली तर दुसरीकडे. दोन, वाळवायचा तो ४० डिग्रीच्या आत, पहिल्या लॅबने १०५ ला वाळवला होता, त्यात पारा काही प्रमाणात उडून जातो, मग पारा "दिसला नाही" याला अर्थ काय. तीन, विरघळवायचं कशात. ॲक्वा रेजिया, म्हणजे मीठाचं आणि शोऱ्याचं तेजाब तीनास एक, यात सगळा दगड विरघळत नाही, क्रोमियमचा बराचसा भाग तसाच मागे राहतो, त्यामुळे ॲक्वा रेजियाचा आकडा शेलच्या संपूर्ण आकड्याशी ताडणं म्हणजे अर्धा पेला पूर्ण पेल्याशी ताडणं. आम्ही डोंगराचा गाळ आणि ढिगाचा गाळ दोन्ही एकाच पद्धतीने विरघळवले, म्हणजे निदान तुलना सरळ होते. सोबत आधीच आकडे माहीत असलेला प्रमाणित गाळ आणि रिकामा ब्लँक, म्हणजे गाळ न घालता तीच सगळी कृती, हे नसतील तर रिपोर्ट कितीही रंगीत असो, मी वाचत नाही.

आणि ते बीडीएल. पहिल्या लॅबची कॅडमियम दिसण्याची किमान पातळीच किलोला १ मिलिग्रॅम होती. शेलमध्ये कॅडमियम ०.३. म्हणजे नैसर्गिकच्या तिप्पट असलं तरी रिपोर्टवर "दिसलं नाही" येणार आणि घरचे लोक "नाही" असं वाचणार. हाकान्सनने १९८० मध्ये धोक्याचा जो निर्देशांक मांडला त्यात प्रत्येक धातूला विषारीपणाचा भार दिलाय: जस्त १, क्रोमियम २, तांबं आणि शिसं ५, आर्सेनिक १०, कॅडमियम ३०, पारा ४०. कॅडमियम ०.९९ धरून ०.३ ने भागा, ३० ने गुणा, ९९ येतं, आणि त्याच्या पट्टीत ८० च्या पुढे लक्षणीय धोका. म्हणजे एकट्या कॅडमियमचा लक्षणीय धोका बीडीएल या तीन अक्षरांमागे लपू शकतो, आणि पारा तर आधीच भट्टीत थोडाफार उडालेला. ज्या दोन धातूंचा भार सगळ्यात जास्त, तेच दोन रिपोर्टमध्ये नव्हते.

आमचे निकाल आले तेव्हा डोंगराच्या गाळातलं तांबं आणि ढिगातलं तांबं जवळजवळ सारखं निघालं. क्रोमियमही दगडाच्या मानाने फार वर नव्हतं. शिसं मात्र डोंगरापेक्षा ढिगात कित्येक पट, जस्तही बरंच वर, कॅडमियम चांगल्या मशीनवर दिसलं आणि डोंगरापेक्षा जास्त दिसलं. वाळू कमी-जास्त असल्याचा फरक निघून जावा म्हणून लोखंडाशी गुणोत्तर लावून बघू असं आमच्याच ऑफिसमधल्या एकाने सुचवलं, पुस्तकात असतं तसं. पण इथल्या बेसाल्टमध्ये लोखंड शेलच्या जवळपास दुप्पट, त्याने भागलं की खरी भरही निम्मी दिसते, म्हणून ॲल्युमिनियम वापरलं आणि खालची पातळी डोंगराची. शिसं तरीही वरच राहिलं.

मग चार पायऱ्यांचं निष्कर्षण केलं, बीसीआर म्हणतात त्याला. तोच गाळ आधी पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये हलवायचा, म्हणजे सैल चिकटलेले धातू सुटतात, मग लोखंड-मँगनीजच्या गंजात बसलेले, मग सेंद्रिय आणि सल्फाइडमधले, शेवटी उरतो तो दगडाच्या आतलाच. तांब्याचा मोठा हिस्सा शेवटच्या पायरीत, म्हणजे दगडातच अडकलेला, तो मुलाच्या पोटात गेला तरी सहजी सुटणार नाही. जस्ताचा बराच भाग पहिल्याच पायरीत सुटला. शिसं दुसऱ्या पायरीत जास्त, आणि तपकिरी कवचात हे काळ्या भागापेक्षा ठळक दिसलं. कवचाचा पीएचही आतल्यापेक्षा खाली होता, म्हणजे ते जास्त आम्लधर्मी. म्हणजे ढीग काठावर वाळत असतानाच धातू जागा बदलत होते.

कमिटीतल्या एका काकांनी दरम्यान घातक कचऱ्याची टीसीएलपी टेस्ट करून आणली, स्वतःच्या पैशाने, त्याबद्दल त्यांचे आभारच. त्यात गाळ वीसपट द्रवात १८ तास फिरवतात आणि किती धातू पाण्यात उतरतो ते बघतात, २०१६ च्या नियमांत शिशाला लिटरला ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. गाळ पास झाला. काका म्हणाले, झालं, सेफ. मी त्यांना शांतपणे सांगितलं की ही टेस्ट विचारते, हा माल घातक कचऱ्याच्या डेपोत न्यायलाच हवा का. उत्तर आलं, गरज नाही. सहा वर्षांचं मूल यात रोज संध्याकाळी बसेल, नखात माती जाईल, बोट तोंडात जाईल, हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नाही. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. तांबं माणसापेक्षा खाडीतल्या शिंपल्यांना जास्त जड जातं. मैदानाचा प्रश्न शिशाचा होता, आणि पहिल्या रिपोर्टने नेमकं तेच हिरवं दाखवलं होतं.

शिसं कुठून आलं, हेही सगळ्यांना हवं होतं, आणि एक नाव हवं होतं. मी दिलं नाही कारण माझ्याकडे नाही. त्या नाल्यात वरून एमआयडीसीचं पाणी येतं हे खरं, १९६० च्या दशकापासून हा कारखान्यांचा पट्टा आहे. पण ठाणे-बेलापूर रोडची धूळही त्याच नाल्यात येते, देशभर शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं २००० साली, तोवरचा धूर मातीत बसलेला आहे, जुने रंग, भंगारातल्या बॅटऱ्या, सगळंच आहे. जस्त तर टायरच्या झिजेतून आणि पत्र्यांवरूनही येतं. शिशाचे समस्थानिक, म्हणजे शिशाचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजले तर बरंच सांगता येतं, ते आम्ही केलं नाही, परवडणारं नव्हतं. धातू आहे एवढ्यावरून कुणाकडे बोट दाखवलं की दुसऱ्या दिवशी समोरचा हेच बेसाल्टचं कारण पुढे करतो आणि सगळाच रिपोर्ट उडवून लावतो.

कमिटीने मैदानात मुरूम टाकला. गाळावर ताडपत्री घालावी आणि पावसाआधी उचलावा, तिवरांत ढकलू नये, असं पत्र आम्ही संबंधित ऑफिसला दिलं, निकाल जोडून, दोनदा. अर्धा ढीग उचलला. उरलेला अर्धा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात परत नाल्यात गेला, तपकिरी कवचासकट, आणि तिथून खाडीत. त्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि ते पक्षी त्याच चिखलात चोच घालून खातात. त्या दिवशी मी ऑफिसात बसून नुसता पाऊस बघत होते.

मावशींचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. गाळात किती आहे आणि निवटीत किती चढलंय या दोन वेगळ्या गोष्टी, सल्फाइड भरपूर असेल तर गाळात धातू असूनही जीवात कमी जातो, आणि कालवं पाणी गाळून खातात म्हणून त्यांच्यात वेगळाच हिशोब. ते मोजायलाच हवं. ताई, भाचा आणि मी, पावसाळा संपला की येणाऱ्या अमावास्येच्या ओहोटीला जायचं ठरलंय, उधाणाची ओहोटी लांब जाते म्हणून. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं मावशी काढून देणार, आकारानुसार वेगळ्या पिशव्या मी आणणार. निकाल आधी त्यांच्या हातात द्यायचा, मराठीत, हे मी कबूल केलंय. त्यांनी एवढंच सांगितलंय की बूट घालून येऊ नका, रुततात, आणि अनवाणीही नको, कालवं पाय कापतात, जाड जुने मोजे घालून या.